एका दाताचा खटका

माझा आवाज तुम्ही रोज ऐकता, पण मला कधी पाहिलेलं नसतं. मोटारीचं दार ओढून लावलं की आतून ‘खट्’ असं काहीतरी होतं ना, तो मी. दाराचा खटका. आमचं अख्खं आयुष्य पत्र्याआड, अंधारात जातं. माझ्या जातीचे बहुतेक जण जन्मतात, खटखटतात आणि गाडीबरोबर भंगारात जातात. मला मात्र न्यायाधीशांनी पाहिलं, ज्यूरीतल्या बाराजणांनी हातात घेऊन पाहिलं आणि वर्तमानपत्रात माझा फोटोही छापून आला. फोटो काही खास आला नव्हता. माझी डावी बाजू जास्त बरी दिसते.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यातला, साल ब्याऐंशीचं. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्यांचे वकील फार आहेत. मला एकच पोलादी दात होता. गाडीच्या खांबावर एक जाड खिट्टी असते. दार लागलं की दातानं ती घट्ट धरायची आणि कुणी मूठ ओढेपर्यंत सोडायची नाही, एवढंच आमचं काम. शेजारच्या पट्ट्यावर महागड्या गाड्यांचे खटके बनत. त्यांना दोन दात. एक निसटला तर दुसरा धरणार. आम्ही त्यांना ‘शिष्ट’ म्हणायचो. मला वाटायचं, श्रीमंतांना हौसच असते, सगळं दोन-दोन लागतं.

एका हिरव्या, लांबलचक स्टेशन वॅगनच्या मागच्या दारात मला बसवलं आणि आम्ही थेट दक्षिणेत, अलाबामातल्या टॅलो क्रीक गावी जाऊन पडलो. गाडी घेतली नेडीन टिडमोर हिनं. ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. गाडी अशी चालवायची की पाठीमागच्या गाड्या कंटाळून वळसा घालून पुढे जात.

तिच्या वाटणीचं बोलणं तिची थोरली बहीण करायची. तिचं नाव व्हर्लीन. दोघींचे नवरे वारलेले, दोघी एका घरात राहायच्या. व्हर्लीनचं गावात बायकांचे केस कापायचं पार्लर होतं. गाडीत ती नेहमी मागे, माझ्याच दाराशी बसायची. पाठ दाराला टेकवायची, एक हात पुढच्या आसनावर टाकायचा आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत बोलायचं. कुणाच्या सुनेनं कुठला रंग लावला, कुणाच्या डोक्यावर केसांचा टोप आहे आणि तरी ती नाही म्हणते, हे सगळं मला पाठ झालं होतं. तिच्या बोलण्याची थरथर पत्र्यातून माझ्यापर्यंत यायची. मला ती आवडायची.

त्या रविवारी चर्चमध्ये जेवण होतं. नेडीननं पीचचं गोड करून मोठ्या भांड्यात भरलं होतं आणि ते पुढच्या आसनावर ठेवलं होतं. चर्चच्या अलीकडच्या वळणावर ती वळत असताना मागून एका पिकअपचा धक्का लागला. धक्का म्हणावा असाही नव्हता. पण तो नेमका माझ्या दाराच्या कडेला लागला, पत्रा जरासा वाकला आणि माझा दात खिट्टीवरून सरकला. दुसरा दात असता तर त्यानं धरलं असतं. तो नव्हता. दार उघडलं आणि व्हर्लीन रस्त्यावर पडली. उभ्या आयुष्यात तिनं अर्धवट सोडलेलं ते पहिलं वाक्य.

फुटपाथच्या दगडावर तिचा कणा आपटला. त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही.

इस्पितळातून आल्यावर वर्षभरानं तिनं पार्लर पुन्हा उघडलं. चाकाच्या खुर्चीतून हात पोचेना, म्हणून सुताराला बोलावून गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांचे पाय कापून घेतले. तेव्हापासून टॅलो क्रीकच्या बायका गुडघे हनुवटीशी घेऊन केस कापून घेऊ लागल्या. कुणी कुरकुर केली तर व्हर्लीन म्हणायची, “बाळा, मी दिवसभर बसून आहे, तू अर्धा तास वाकून बस.”

नेडीनचं मात्र वेगळं झालं. गावात बोललं गेलं की नेडीननं बहिणीला गाडीतून पाडलं. वळण जोरात घेतलं, मागच्या पिकअपचा दोष नाही म्हणे. तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण पोस्टात तिच्या खिडकीपुढची रांग एकदम गप्प व्हायची. तिनं गाडीच्या किल्ल्या खणात टाकल्या आणि पोस्टात पायी जाऊ लागली. व्हर्लीननं किती वेळा समजावलं, पण नेडीन म्हणायची, “चाक माझ्या हातात होतं ना?”

मला दारातून बाहेर काढलं ते टॅल्मेज प्रुएट नावाच्या वकिलानं. त्याची बायको व्हर्लीनकडे केस कापून घ्यायची, आणि व्हर्लीनची केस घेतल्याशिवाय घरी सुखानं राहता येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं मला टेबलावर ठेवलं, शेजारी महागड्या गाडीतला एक दुदाती शिष्ट आणून ठेवला आणि बराच वेळ दोघांकडे पाहत बसला. मीही त्या दिवशी पहिल्यांदा त्याला उजेडात पाहिलं. सगळं शरीर माझ्यासारखंच, एकाच साच्यातलं. फरक फक्त एका दाताचा.

खटला उभा राहण्याआधी कंपनीचे वकील मिस्टर व्हिटलॉक विमानानं आले. करडा सूट, थंड आवाज. प्रुएटच्या कचेरीत दोघी बहिणींसमोर त्यांनी एक रक्कम सांगितली. ती ऐकून प्रुएटनं टाय सैल केला.

“अट एकच आहे,” व्हिटलॉक म्हणाले. “या प्रकरणाबद्दल कुणाशी बोलायचं नाही. खटक्याबद्दल नाही, रकमेबद्दल नाही.”

व्हर्लीननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बाळा, तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे ना?”

“केस कापण्याचा.”

“ते वरवरचं झालं. बायका माझ्याकडे बोलायला येतात. बोलता बोलता केसही कापले जातात.”

“मॅडम, बाकी सगळं बोला. फक्त हा एक विषय सोडून.”

“आणि कुणी विचारलं, व्हर्लीन, तू पडलीस कशी?”

“सांगायचं, अपघात झाला.”

“म्हणजे नेडीननं पाडलं.” तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. “माझी बहीण पोस्टात चालत जाते, मिस्टर व्हिटलॉक. पाऊस असला तरी. गाव तिच्याकडे बघतं आणि तिला वाटतं, बरोबरच बघतंय. तुमचे पैसे घेतले तर खरं कारण माहीत असून मला ते जन्मभर सांगता येणार नाही. नको मला.”

“व्हर्लीन, घे गं,” नेडीन हळूच म्हणाली. “माझ्यासाठी घालवू नकोस.”

“तू गप्प बैस. तुला चांगलं जमतं ते.”

व्हिटलॉक गेल्यावर प्रुएटनं तिला स्पष्ट सांगितलं की ज्यूरीचा भरवसा नसतो, एक छदामही मिळणार नाही असं होऊ शकतं. मग औषधं, खुर्ची, घर, सगळं कठीण होईल. व्हर्लीन म्हणाली, “माझे केस तुझ्या बायकोनं पाहिलेत. मी घाबरून पांढरी झालेली नाही, आधीपासूनच आहे.” पण जाताना दाराशी खुर्ची थांबवून तिनं हळूच विचारलं, “एक छदामही नाही?” मी टेबलावर होतो, मी ऐकलं.

कोर्टात मी आणि शिष्ट भाऊ शेजारी शेजारी, गळ्यात पुराव्याची चिठ्ठी बांधून बसलो. उन्हाळा होता. वर पंखा फिरत होता आणि खाली गाव दाटीवाटीनं बसलं होतं.

व्हिटलॉकनी नेडीनला उभं केलं. वळण जोरात घेतलंत का, धक्का केवढा होता, असं विचारत तिला पार कोपऱ्यात नेलं. ती खाली मान घालून “असेल, सर,” म्हणू लागली. मग प्रुएट उठला.

“नेडीनबाई, पुढच्या आसनावर काय होतं?”

“पीचचं गोड.”

“पातळ की घट्ट?”

“बरंच पातळ. पीच रसाळ होते त्या वर्षी.”

“धक्का लागल्यावर किती सांडलं?”

नेडीन विचारात पडली. इतकी वर्षं हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. “नाही सांडलं,” ती म्हणाली. “झाकणसुद्धा सरकलं नव्हतं.”

“मग पुढे काय झालं त्याचं?”

“चर्चमधल्या लोकांनी खाल्लं.”

मागच्या बाकांवरच्या काहीजणांनी खाली पाहिलं. त्यांनीच खाल्लं होतं.

व्हिटलॉकनी मग व्हर्लीनला धरलं. “आपण दाराला टेकून बोलत होता, हे खरं?”

“खरं. चाळीस वर्षं मी दारांना टेकून बोलतेय. माझं बोलणं ऐकून सुटून गेलेलं हे पहिलंच दार.”

न्यायाधीशांनी हातोडा आपटला, पण जरा उशिरानं.

शेवटी कंपनीचे इंजिनिअर आले, लोवेल हॉफस्ट्रा. उंच, ओशाळवाणे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की एका दाताचा खटका सरकारी नियमात बसतो. प्रुएटनं आम्हा दोघांना त्यांच्या दोन हातांत दिलं आणि विचारलं, “या दुसऱ्या दाताला खर्च किती येतो?” हॉफस्ट्रांनी माझ्याकडे पाहिलं, व्हिटलॉककडे पाहिलं आणि म्हणाले, “एका कप कॉफीएवढा.”

पुरावे ज्यूरीबरोबर आतल्या खोलीत जातात. त्यामुळे दार बंद झाल्यावर आत काय झालं ते न्यायाधीशांना माहीत नाही, पण मला आहे. लांब टेबल, बारा खुर्च्या आणि एक कॉफीची किटली. त्या कॉफीची चव मला ठाऊक नाही, पण ती पिताना बारा चेहरे मी पाहिले, तेवढं पुरे.

प्रमुख म्हणून मिस ऑटिली क्रेनशॉ यांना निवडलं. त्या निवृत्त शिक्षिका, आणि खोलीतले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. चूक खटक्याची की नेडीनची, हे फार लवकर ठरलं. न सांडलेल्या पीचनी ते ठरवलं होतं. खटके उडाले ते पुढे, रकमेवरून. माझ्याच नावाचा शब्द असा वापरतात याचं मला वाईट वाटतं, पण असो.

हॉबर्ट गेन्स म्हणून लोखंडी सामानाचे दुकानदार होते. ते म्हणाले, “व्हर्लीनचं औषधपाणी, बुडालेला धंदा, सोसणं, सगळ्याचं द्या. माझी ना नाही. पण त्यावर आणखी दंड कशाला? कंपनी नियमात होती. शिवाय दंड झाला की गाड्यांच्या किमती वाढणार. भरणार कोण? तुम्ही आणि मीच. स्वस्त गाडी स्वस्तच असते. ज्याला दोन दात पाहिजेत त्यानं महागडी घ्यावी.”

यावर माना हलल्या. बोलणं वेडगळ नव्हतं.

टेबलाच्या टोकाला डीकन बॅटल बसले होते. चर्चचं काम पाहायचे आणि शाळेची बस चालवायचे. ते म्हणाले, “हॉबर्ट, मागे तुमच्याकडनं मी शिडी नेली. आठवतंय?”

“आठवतंय की. स्वस्तातली नेलीत, तीही घासाघीस करून.”

“महागडीपेक्षा तिच्यात काय कमी होतं?”

“रंग नव्हता. हत्यारं ठेवायची फळी नव्हती.”

“आणि पायऱ्या?”

“पायऱ्या सगळ्या होत्या.” हॉबर्ट चिडले. “पायरी काढून शिडी विकतो काय मी?”

 डीकननी मला उचललं आणि हॉबर्टपुढे ठेवलं. हॉबर्टनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग शिष्ट भावाला. मग पुन्हा मला. त्यांच्या अंगठ्याला गंजाचा आणि रंगाच्या डब्यांचा वास होता.

“काय म्हणाला तो इंजिनिअर? एका कॉफीएवढा खर्च?”

“हो.”

हॉबर्टनी आपल्या कपात पाहिलं. “चांगल्या कॉफीएवढा, की असल्या?”

त्यांनी कप बाजूला सारला. कुणीतरी सुचवलं, लाखभर डॉलर दंड करू, धडा मिळेल. डीकननी मान हलवली. “माझ्या धाकट्याचे खाऊचे पैसे बंद केले की तो दोन दिवस सरळ वागतो. थोरला गिरणीत कमावतो. त्याचे तेवढेच पैसे कापले तर तो हसेल, आणि वर मलाच खाऊला देईल.”

“बरोबर,” हॉबर्ट अचानक म्हणाले. “रक्कम अशी पाहिजे की तिकडे वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसानं हातातला कप खाली ठेवला पाहिजे.”

“आणि किमती वाढवल्या तर?” मिस ऑटिलींनी विचारलं.

“वाढवू दे. दुसरी कंपनी वाढवणार नाही, मग ही बसेल माश्या मारत. दुकानदारी मला शिकवू नका, मॅडम.”

मिस ऑटिलींनी आकडा लिहिला. चष्मा पुसला आणि शून्यं पुन्हा मोजली. एखादं जास्त पडलं असेल अशी भीती त्यांना वाटत होती. पडलं नव्हतं. व्हर्लीनच्या नुकसानीचे दहा लाख, आणि कंपनीला जरब बसावी म्हणून नव्वद लाख. एक कोटी डॉलर.

कोर्टात निकाल वाचला तेव्हा आकड्यावर सगळे आवाज करून उठले. नेडीन उठली नाही. तिनं आकडा ऐकलाच नव्हता. आधीचा प्रश्न तिनं ऐकला होता: इजा खटक्याच्या दोषामुळे झाली काय? उत्तर: होय. ती व्हर्लीनच्या बाहीला धरून विचारत होती, “म्हणजे मी नाही?”

“नाही गं,” व्हर्लीन म्हणाली. “किती वर्षं सांगतेय तुला.”

मग दोघी रडल्या, आणि व्हर्लीन रडतानाही बोलत होती.

पुढचं सांगायला गोड नाही, पण खोटं कशाला सांगू? न्यायाधीशांनी रक्कम निम्मी केली. वरच्या कोर्टानं आणखी खाली आणली. व्हर्लीन म्हणाली, “मीही कापण्याचाच धंदा करते. पण एवढं कापलं तर मी गिऱ्हाइकाचं डोकं फुकट धुऊन देते.” उरलं तेही तिला आणि नेडीनला आरामात पुरणारं होतं. आणि गप्प राहायची अट या वेळी कुणी घातली नाही. उपयोग नव्हता.

कंपनीनं दुसऱ्या वर्षीपासून सगळ्या गाड्यांना दोन दातांचे खटके बसवले. जुन्या गाडीवाल्यांना सांगितलं, गाडी घेऊन या, खटके फुकट बदलून देतो. या बदलाचा खटल्याशी काही संबंध नाही, असंही त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या कंपन्यांचाही संबंध नव्हता, पण त्यांनीही आपापली दारं उघडून पाहिली.

नेडीनच्या वॅगनचे खटके बदलायला आम्ही सगळे गेलो. मी व्हर्लीनच्या पर्समध्ये. खटला संपल्यावर प्रुएटनं मला तिच्याच हवाली केलं होतं. कारागीर जुने खटके काढून बादलीत टाकत होता. माझे भाऊबंद एकेक करून पडत होते. देशभर असे लाखो पडले आणि वितळले. आपल्या सगळ्या कुळाचा नायनाट व्हावा आणि त्याबद्दल आपल्याला आनंद व्हावा, असं कुणाच्या वाट्याला येत नसेल. माझ्या आलं. येताना नेडीननं गाडी चालवली. मागच्या गाड्या वळसा घालून पुढे गेल्या.

पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी पार्लरचं दार ढकलून उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आत आले. बायकांच्या पार्लरमध्ये पुरुष म्हणून सगळ्या पाहू लागल्या. हॉफस्ट्रा होते. निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघाले होते, वाटेत थांबले.

व्हर्लीननं त्यांना ओळखलं. “बसा,” ती म्हणाली. “मानेवर वाढलेत.”

ते त्या बुटक्या खुर्चीत घडी घालून बसले. गुडघे कानापर्यंत आले. ती कापू लागली आणि ते बोलू लागले.

“आम्ही इंजिनिअर दुसरा दात मागतच होतो, मॅडम. वरून विचारायचे, कशाला? आमचे आलेख कुणी पाहत नसे. तुमच्या निकालानंतर वरचेच खाली येऊन विचारू लागले, आणखी कुठे काय कमी आहे? पट्टे, बिजागऱ्या, आसनांच्या पाठी. आम्ही सांगू ते मिळत गेलं.”

“हे कोर्टात का नाही बोललात?”

“मला नोकरी होती.”

कात्री त्यांच्या कानामागे थांबली.  मग व्हर्लीन म्हणाली, “मान खाली घाला,” आणि कात्री पुन्हा चालू झाली.

“आणखी एक सांगायचं होतं,” हॉफस्ट्रा मान खाली घालूनच म्हणाले. “आराखड्यावर त्या दुसऱ्या दाताला नुसता आकडा आहे. पण कारखान्यात सगळे त्याला ‘व्हर्लीन’ म्हणतात. व्हर्लीन बसवली का, व्हर्लीन धरते का, असं विचारतात.”

बायका हसल्या. व्हर्लीन हसली नाही.

“बदलता येईल?”

“काय?”

“नाव. नेडीन म्हणा. या गावानं तिचं नाव नको त्या ठिकाणी बरीच वर्षं घेतलं. आता कुणीतरी चांगल्या ठिकाणी घेऊ दे.”

पोस्टातून निवृत्त झालेली नेडीन कोपऱ्यात केस झाडत होती. तिचा झाडू थांबला. “मला दात व्हायचं नाही,” ती म्हणाली.

“तुला कुणी विचारलंय?”

“सांगून बघतो,” हॉफस्ट्रा म्हणाले. व्हर्लीननं त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

ते परत कधी आले नाहीत, त्यामुळे पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मी पार्लरच्या खिडकीत, कंगव्यांच्या बरणीशेजारी असतो. अंगाला थोडा गंज आहे, दात शाबूत आहे, धरायला काही नाही. मला माझ्यासाठी काही नको. पण तुमच्यापैकी कुणी कधी तिकडे उत्तरेला, मोटारींच्या कारखान्यात गेलात, तर एवढं विचारून या, की त्या दुसऱ्या दाताला तुम्ही काय म्हणता. ‘नेडीन’ म्हणाले, तर टॅलो क्रीकला येऊन तिला सांगा. ती झाडता झाडता म्हणेल, मला काय त्याचं. तरी सांगा.